एक तणमोर, एक वंचक

यंदा राखी कुरिअरने आली आणि मी बॅग भरायला घेतली.

माझ्या वन्सं धारला राहतात. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या सासरी अजून हा जुनाच शब्द चालतो. राखीला त्या स्वतः देवासला आल्या नाहीत, असं माझ्या लग्नानंतर एकदाही झालं नव्हतं. यंदा पाकीट आलं. आत राखी, अक्षता, पुडीत कुंकू, सगळं जागच्या जागी. चिठ्ठी भावाच्या नावाने. माझं नाव कुठे नाही.

"जिजीचे गुडघे दुखत असतील," नवरा म्हणाला.

मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. समोर आलेला माल खराबच आहे असं धरून चालायचं आणि तसं नाही हे सिद्ध झालं तर शिक्का मारायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. गुडघ्यांवर माझा विश्वास बसला नाही. मला वाटत होतं की वन्सं मला तोंड दाखवायचं टाळताहेत, आणि त्याचं कारण आहे तणमोर.

नव्या वाचकांसाठी सांगते. वन्सं आणि मी दरवर्षी पक्ष्यांची यादी ठेवतो. जानेवारीत कोरी सुरुवात, डिसेंबरात मोजणी. धार आणि देवास हे दोनच जिल्हे. पक्षी रानातला हवा, पिंजऱ्यातला चालत नाही, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. फोटोची सक्ती नाही. "दिसला" म्हटलं की दिसला. हा नियम त्यांचाच. जिची यादी लांब, तिला दुसरीने पुरणपोळ्या करून घालायच्या, एवढंच बक्षीस. यंदा मी खिवनीचं जंगल आणि लोहारद्याची शेतं पालथी घातली, त्यांनी नर्मदेचा काठ डहीपर्यंत चाळला, आणि श्रावण लागला तेव्हा आम्ही बरोबरीत होतो.

मग एका संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "आज सरदारपूरच्या माळावर तणमोर दिसला. नर. उडी मारताना."

तणमोर म्हणजे हिंदीतला खरमोर. पावसाळ्यात येतो, गवतात राहतो, आणि नर मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ वर उडी मारून पुन्हा खाली गडप होतो. आता इतका कमी उरला आहे की हातभर लेन्सवाले लोक लांबून येतात, दिवसच्या दिवस बसतात आणि हात हलवत परत जातात. आणि वन्संना तो दिसला कधी, तर राजगढला कुणाच्या तरी डोहाळजेवणाला जाताना, शेजाऱ्यांच्या चालत्या गाडीच्या खिडकीतून. मी मेसेज तीनदा वाचला. तिन्ही वेळा माल परत पाठवावासा वाटला.

हसू नका, माझं खरंच काहीतरी पणाला लागलं होतं. माझे वडील जळगावहून देवासच्या कारखान्यात आले. मी कॉलनीत वाढले, शाळा हिंदी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं मराठी मोडकंतोडकं होतं आणि सासरची मंडळी मी बोलले की एकमेकांकडे बघायची. बघितलं नाही ते फक्त वन्संनी. त्या मला तळ्यावर घेऊन गेल्या आणि एकेक पक्षी दाखवत एकेक शब्द हातात ठेवत गेल्या. परीट म्हणजे माझ्यासाठी आधी शेपटी हलवणारा पक्षी. परीट म्हणजे धोबी, हे मला कितीतरी नंतर कळलं. हा ब्लॉग मी मराठीत लिहिते तो त्यांच्याच जिवावर. त्यांचा एक पक्षी खोटा निघाला असता तर बाकीच्यांचं मी काय करायचं होतं?

मी फोन केला. "मला पण तणमोर बघायचा आहे, येऊ का?"

पलीकडे आधी टीव्ही बंद झाला. मग, "यावं. दाखवू."

'यावं'? मला? मी लगेच कान टवकारले.

शनिवार: देवास ते धार

देवासहून इंदूरला बस केव्हाही मिळते. धारची बस मात्र गंगवाल बसस्टँडवरून सुटते, तेव्हा इंदूरला उतरल्यावर रिक्षावाल्याला आधी हे सांगा, नाहीतर तो भलतीकडे नेऊन सोडेल. स्टँडबाहेर पोहे खाल्ले. पोह्यांवर सेव, वर जीरावनचा मसाला, सगळं गरम. जलेबी मात्र मला कालची वाटली. विचारलं तर तो म्हणाला, "दीदी, अभी निकाली है." त्याच्या कढईत तेल थंड होतं. मी जलेबी तशीच ठेवली.

बसच्या दारात एक आजोबा कंडक्टरला विचारत होते, "भिया, सीधी धार जाएगी?"

"एकदम सीधी, दादा."

ही सीधी बस वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली थांबली. घाई असेल तर आधी चौकशी करा, आणि एकाच माणसाकडे करू नका. रस्ता उत्तम आहे. डावीउजवीकडे सोयाबीन, मधेच पिथमपूरकडे वळणारे ट्रक, तारांवर कोतवाल आणि एक नीलपंख. उजवीकडची खिडकी घेतलीत तर सकाळचं ऊन मागे राहतं.

वन्संनी दार उघडलं. "या. बसा."

जी बाई मला इतकी वर्षं 'अगं' म्हणते, ती 'बसा' म्हणाली. पाणी तांब्या-भांड्यातून आलं, पाहुण्याला देतात तसं. जेवायला भरली वांगी, माझ्या आवडीची, पण आग्रह नाही. गुडघ्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्यांना काय धाड भरली आहे?" म्हणजे गुडघे बाद. मी मनात खूण केली.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडीत तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात?"

"डाव्या."

"काच खाली होती?"

"वर. पाऊस होता."

"म्हणजे काच ओली असणार."

वन्संनी माझ्या पानात भात वाढला. "तूप घ्या," म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही मुंज तलावावर गेलो. धारला आलात तर किल्ला सगळेच बघतात, पण संध्याकाळ तलावासाठी ठेवा. पाणी भरलेलं, काठाला कमळाची पानं, आणि अगदी जवळ चिखलात एक बगळा मान आखडून बसलेला. एरवी मातकट, कुणाच्या नजरेत न भरणारा. पण पावसाळ्यात त्याची पाठ विटकरी-लाल होते, भारी लुगडं नेसल्यासारखी.

वन्सं चालता चालता थांबल्या. "ते पाहा. तुमचं लाडकं."

"माझं?"

"तुम्हीच कळवलं होतंत की ग्रुपवर."

मला आठवलं. त्यांचा तणमोराचा मेसेज आला त्याच संध्याकाळी मी देवासच्या मीठा तालाबावर होते. असाच एक बगळा दिसला, लाल पाठीचा. मी फोटो पाठवला आणि खाली त्याचं नाव लिहिलं, त्यांनीच शिकवलेलं. वंचक.

"हो, फार सुंदर दिसत होता," मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला आणि चालू लागल्या. ज्यांचं मराठी चांगलं आहे ते वाचक आत्ताच कपाळावर हात मारून बसले असतील. मी मात्र चालता चालता एवढाच विचार केला की तणमोराचा विषय टाळायला बाईंनी बगळा मधे आणला.

रविवार: सरदारपूरचा माळ

उजाडताच निघालो. गाडी वन्संच्या शेजारच्या बबलू भियाची. भाडं आदल्या दिवशीच बोलून घ्या आणि त्यात थांबण्याचा वेळ धरून घ्या, कारण पक्षी बघणं म्हणजे थांबणं, हे गाडीवाल्यांना नंतर पटत नाही. अहमदाबादच्या रस्त्याने सरळ जायचं. सरदारपूरच्या अलीकडे-पलीकडे गवताची राखीव माळरानं आहेत. नेमकी जागा मी मुद्दाम लिहीत नाही. ब्लॉग कोण कोण वाचतं काय माहीत.

तिथल्या चौकीदारालाही आमच्याबद्दल हाच प्रश्न पडला होता. "कईं देखी रिया हो, बेन जी?"

"खरमोर," मी म्हटलं.

"फोटू वाला तो नी हो?"

आम्ही दुर्बिणी दाखवल्या. त्याने माझी पिशवी नीट पाहिली, मला ते आवडलं, आणि मग म्हणाला, "याँ से देखजो. भीतर मती जाजो. घास में अंडा रे." गवतात अंडी असतात, तेव्हा तुम्हीही रस्त्यावरूनच बघा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे लोक असतात. तुम्ही त्यातले असाल तर हा ब्लॉग बंद करा.

आभाळ भरलेलं, वारा थोडा. कंबरेएवढं गवत आणि त्यावर नजर ठेवून दोन बायका. मी तपास पुढे चालू केला.

"गाडी कुठे होती तेव्हा?"

"त्या बाभळीपाशी."

"आणि तो?"

"त्याच्या पुढे. दोन बांध सोडून."

"कसा दिसला?"

"काळा. वर आला. खाली गेला."

"बस?"

"बस."

एवढ्या पुराव्यावर मी कफ सिरपची एक बाटली बाहेर जाऊ दिली नसती. ते माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण वन्संनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मला वाईट वाटलं. संशयही वाटत राहिला. ही दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला त्या माळावर कळलं.

गवत हललं की माझं काळीज हलायचं. एकदा बकरी निघाली. एकदा लांडोर, आपली साधी. एकदा कोतवाल किडा पकडायला खाली झेपावून पुन्हा वर आला, काळा, आणि मी "हाच दिसला असेल तुम्हाला" असं म्हणता म्हणता जीभ चावली. वन्संनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "चहा घेऊ," आणि थर्मास काढायला गाडीकडे वळल्या. बबलू भिया पाठमोरा काच पुसत होता. चौकीदार केव्हाच पुढे निघून गेला होता.

तेव्हा तो वर आला.

गवतातून काहीतरी काळं सरळ वर फेकल्यासारखं आलं, पंखाशी पांढरं चमकलं, क्षणभर हवेत फडफडलं आणि खाली गेलं. टर्र असा आवाज आला, बेडकाचा असतो तसा. तो आधी आला की नंतर, मला सांगता येणार नाही. दुर्बीण माझ्या गळ्यात होती, ती डोळ्यांपर्यंत गेलीच नाही.

"वन्सं," मी म्हटलं.

त्या हातात कप घेऊन वळल्या. समोर नुसतं गवत.

"दिसला?"

"दिसला. म्हणजे, काळा होता. पांढरं होतं काहीतरी. वर आला आणि..." मी बोलता बोलता थांबले, कारण पुढचं वाक्य माझ्या आधी त्यांनीच म्हटलं होतं. "खाली गेला."

मी वाट पाहिली की त्या विचारतील, कुठे, कुठल्या बांधापाशी, कोतवाल नव्हता ना, लांडोर नव्हती ना. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं. त्यांनी चहा ओतला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मग लिही."

लिहा नव्हे. लिही.

पुढे बराच वेळ आम्ही दोघींनी मिळून पाहिलं. तो पुन्हा आला नाही. दोन बांध सोडून, बाभळीच्या पुढे, मी फिरून फिरून तिथेच बघत राहिले. मला साक्षीदार हवा होता. शपथेवर सांगते, गाडीची काच पुसणारा बबलू भियाही चालला असता.

अमझेरा: दाल-पानिये

परतीच्या वाटेवर अमझेऱ्याला वळलो. जुनी देवळं आहेत, अर्धा तास काढा. पण खरं कारण पानिये. मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात आणि वर तुपाची धार धरून उडदाच्या डाळीबरोबर देतात. पोटभर जेवण आणि पैसे एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी. तूप माझ्या मते डालडा मिसळलेलं होतं, वन्संच्या मते नव्हतं.

मी पानिया मोडला आणि खाल्ला नाही. "तुम्ही विचारलंत कसं नाही?"

"काय?"

"मी खरंच पाहिला का. तुमची तर पाठ होती."

वन्सं डाळ ढवळत राहिल्या. "दिसला म्हटलं की दिसला. नियम आहे ना आपला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मला काही कुणाला वंचक म्हणायचं नाही."

"वंचक कुठून आला मधेच? बगळा दिसला का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "अनघा, वंचक म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

"लाल पाठीचा. चिखलात बसतो. तुम्हीच तर..."

"म्हणजे लबाड," वन्सं म्हणाल्या. "फसवणारा. धोखेबाज. गरीब चेहऱ्याने बसतो आणि मासा आला की झडप घालतो, म्हणून नाव पडलं त्याचं."

मला खरोखर माहीत नव्हतं. परीट, शिंपी, खाटीक, सगळ्यांचे अर्थ हळूहळू कळत गेले होते. हा एक राहून गेला होता. मी फोन काढून ग्रुप उघडला. वन्संचा मेसेज, तणमोर दिसला. त्याच्या खाली माझा फोटो. त्याखाली एकच शब्द.

"पण फोटो आहे की वर," मी म्हटलं.

वन्संनी त्यांचा फोन पुढे केला. जागा भरते म्हणून त्यांनी फोटो आपोआप उतरायचे बंद करून ठेवले होते. फोटोच्या जागी एक धुरकट चौकोन आणि मधे बाण. त्यांनी त्याला कधी हातही लावला नव्हता. आणि खाली, ठळक, त्यांच्या तणमोराला माझं उत्तर. वंचक. नवरा, सासूबाई, पुण्याच्या जाऊबाई, सगळ्यांसमोर.

"म्हणून राखी कुरिअरने?"

"कशी आले असते गं?" त्या म्हणाल्या. "शब्द मीच शिकवलेला."

तिथे मी "मला अर्थ माहीत नव्हता" म्हणून सुटू शकत होते. आम्ही दोघी हसलो असतो, पानिये संपले असते. पण मला ते खोट्या शिक्क्यासारखं वाटलं. "अर्थ माहीत नव्हता," मी म्हटलं. "पण शंका होती, वन्सं. काल रात्रीपर्यंत. आज सकाळीसुद्धा."

दुकानदाराला हाक मारून वन्संनी आणखी डाळ मागवली. मग म्हणाल्या, "ते दिसत होतं. ओली काच, डावी बाजू. शंका घे गं, तुझा स्वभावच आहे. पण तोंडावर घे. मनात ठेवून जेवायला बसू नकोस माझ्याकडे."

"बरं."

"आणि कोतवाल म्हणालीस मगाशी, ते ऐकलंय मी."

बबलू भिया पलीकडच्या बाकावरून म्हणाला, "दीदी, घी असली है, मैंने पूछ लिया." मी त्याचंही ऐकून घेतलं, पण मत बदललं नाही.

देवास

घरी पोहोचायच्या आत ग्रुपवर वन्संचा मेसेज आलेला. "अनघाला आज तणमोर दिसला. नर." पुन्हा बरोबरी.

नवऱ्याने दार उघडताच विचारलं, "जिजीने पण पाहिला?"

"नाही. त्यांची पाठ होती."

"मग कुणी पाहिला?"

"मी."

"आणि जिजीने मान्य केलं?" तो हसत सुटला. त्याचं हसू थांबेपर्यंत मी चपला काढल्या, बॅग आत नेऊन ठेवली.

तेव्हापासून एक संशय मात्र माझ्या मागे लागला आहे आणि तो कुणाच्या तोंडावर घेता येत नाही. पांढरं खरंच पंखावर होतं का? गळ्याशी होतं का? इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले. आता स्वतःच्याच डोळ्यांच्या मालावर मारायची वेळ आली तर हात थांबतो. तरी यादीत तणमोर आहे. तो माझ्या खात्रीवर कमी आणि वन्संच्या 'लिही'वर जास्त उभा आहे. एखाद्याचा शब्द धरणं म्हणजे त्याच्यापाशी पुरावा नसतानाच धरणं, हे मला सरदारपूरच्या माळाने शिकवलं. पुरावा असता तर शब्दाची गरजच काय होती?

काल सकाळी मीठा तालाबावर गेले. काठावर तोच बसला होता, मान आखडून, गरीब चेहऱ्याने. लाल पाठ आता फिकी पडू लागली आहे. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि नाव लिहायला अडले. एक अक्षर लिहून खोडलं. त्याचं दुसरंही नाव आहे, निरुपद्रवी, कुणालाच न लागणारं. मी लिहिलं, "ढोकरी."

वन्संचं उत्तर लगेच आलं. या वेळी त्यांनी फोटो उघडून पाहिला होता.

"वंचक लिही गं. आता चालतं."